ओट्यापाशीच्या गप्पा

रामबाग, इंदूर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सेलिब्रिटींच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमांवर तू चांगलीच तापली आहेस. "नटांना फोडणी येत नाही हे बघायला मी जेवणं आटोपून टीव्हीपुढे का बसू?" हे तुझं वाक्य मी भिशीत मोठ्याने वाचून दाखवलं. चहा निवून गेला, पण वाद काही मिटला नाही. ते सगळं तुला कळवते, कारण मला तुझं म्हणणं अर्धंच पटलंय.

मोठ्या वहिनी तुझ्या बाजूच्या. 'आम्ही सारे खवय्ये' 2007 साली सुरू झालं, तेव्हापासूनची त्यांची पाककृतींची वही अजून आहे. त्या कार्यक्रमात साध्या घरच्या बायका रांधायच्या आणि प्रशांत दामले बाजूला उभे राहून विचारपूस करायचे. ही रीत माहेरची की सासरची, कुणी शिकवली, घरात कुणाला आवडते. त्या बाईच्या उत्तरात पदार्थही कळायचा आणि तिचं घरही. मग डिसेंबर 2021 मध्ये 'किचन कल्लाकार' आलं. तेच दामले इथे महाराज होऊन सिंहासनावर, संकर्षण कऱ्हाडे सूत्रसंचालनाला, प्रणव रावराणे किराणा दुकानात, आणि ओट्याशी नेहमीच्या ओळखीचे कलाकार. वहिनींनी दोनतीन भाग पाहिले आणि वही मिटली. "लिहून घ्यावं असं हाताला काही लागतच नाही गं," म्हणाल्या.

शेजारच्या काकूंची सून मात्र ठाम होती. तिला दिवसभराच्या नोकरीनंतर हसायचं असतं. कृती हवी तेव्हा मोबाईलवर मिळते, पण मालिकेत रोज रडणारी नटी पीठ मळताना कशी गडबडते आणि आपल्यासारखीच "आई गं!" म्हणते, ते तिला बघायचं असतं. तिचं काय चुकलं? मला तरी काही चुकलेलं दिसत नाही. इंदुरात आमच्या मुलांच्या कानावर दिवसभर हिंदी असतं. ज्या कार्यक्रमात माणसं लिहून दिलेले संवाद सोडून मनमोकळं मराठी बोलतात, तो घरात लागलेला मला हवाच आहे.

नंदू, माझी तक्रार निराळीच आहे. माणूस खरं बोलतो तो हात कामात गुंतलेले असताना. समोर खुर्ची टाकून "तुमच्या संघर्षाबद्दल सांगा" म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं. तेच लसूण सोलताना विचारा.

परवा सासूबाईंनी भुट्ट्याचा किस केला. तुला आठवत असेल, तुला तो फार आवडला होता. कोवळी कणसं किसणीवर धरली की दाण्यांचं दूध मनगटापर्यंत ओघळतं. कढईत साजूक तूप, मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, आणि मग किस. इथून पुढे कढईपासून हलता येत नाही. आच मंद ठेवायची, खरवडून खरवडून परतायचं, नाही तर बुडाला धरतो. कच्चा वास गेला की थोडंथोडं दूध, ते आटलं की पुन्हा परतणं. सासूबाई एरवी मोजकं बोलतात. त्या दिवशी कढईवरची नजर न काढता त्यांनी मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष सांगितलं. ग्वाल्हेरहून इथे आल्यावर पोह्यात बडीशेप बघून कसं रडू आलं, आणि जावेने गुपचूप त्यांच्यापुरते वेगळे पोहे कसे करून दिले. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी समोर बसून विचारलं असतं तर त्या बोलल्या नसत्या.

स्वयंपाक आणि गप्पा एकत्र आणणाऱ्या कार्यक्रमाच्या हाती नेमकं हेच असतं, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी ते वाया जातं. कलाकार आजीची आठवण सांगू लागला, आवाज जरा खाली आला, की लगेच ढॅणढॅण संगीत, नाही तर कुणीतरी मध्येच विनोद करतो. कढई तापायच्या आत घंटा वाजते. आणि "मला किचनमधलं काही म्हणजे काही येत नाही" हे इतक्या कौतुकाने सांगितलं जातं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. न येणं हा गुन्हा नाही. पण त्यावर टाळ्या कशाला? कुणाच्या तरी घरी कुणीतरी ते रोज दोन वेळा करतंच आहे ना.

म्हणून सासूबाईंचं मत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. 2025 मध्ये सोनीवर 'सेलिब्रिटी मास्टरशेफ' लागलं. फराह खान, विकास खन्ना, रणवीर ब्रार, सगळा थाट हिंदी. सासूबाई ते बघायला बसल्या त्या फक्त उषा नाडकर्णींसाठी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर घड्याळाशी झुंजतेय, याचंच त्यांना अप्रूप. पडद्यावर जन्मभर खाष्ट सासू रंगवलेली ही बाई पदार्थ करताना कशी दिसते, ते त्या अगदी टक लावून पाहायच्या. शेवटी जिंकला गौरव खन्ना. त्याचं सासूबाईंना काहीच नव्हतं. "तिला नुसतं रांधू द्यायला हवं होतं, निवांत, आणि शेजारी बोलायला कुणीतरी," एवढंच म्हणाल्या. मला वाटतं, असे कार्यक्रम आखणाऱ्यांनी हे एक वाक्य ऐकलं तरी पुरे.

आशा भोसल्यांचंच घे. 2002 साली दुबईत त्यांनी स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट काढलं, इतका त्यांना स्वयंपाकाचा नाद. अशा माणसाला तासभर एका ओट्याशी उभं करायचं, एकच पदार्थ, घंटा नाही, गुण नाहीत. एखादा राग कुणाकडून उचलला आणि मसाला कुणाकडून, हे एका दमात ऐकायला मिळालं असतं. असा भाग मी पुन्हापुन्हा पाहिला असता, आणि वहिनींनी वहीही उघडली असती.

आणखी एक मागणी भिशीत एकमुखाने झाली, तीही ऐक. हे कार्यक्रम मुंबई-पुण्याच्या ओट्यावरून खाली उतरतच नाहीत. आमच्याकडे वरणभाताच्या घरात दाल-बाफले होतात, वाफेवरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला पडतो, थंडीत गराडूचे कंद तळले जातात. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना मुंबईचे कलाकार इथे येतात, प्रयोग संपला की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाऊन परततात. त्यांच्यातल्याच एकदोघांना इथल्या एखाद्या मराठी घरात कढईपाशी उभं करा, आजीच्या हाताखाली. बोलणं आपोआप होईल. आणि शेवटी प्रमाण लिहून दाखवा, नीट वाचता येईल इतका वेळ. ही शेवटची अट काकूंची. त्यांना चष्मा शोधायला लागतो.

आम्ही वाहिनीला पत्र पाठवायचं ठरवलंय. मसुदा मी करतेय. तुझ्या आईचं मत त्यात मला हवंच आहे, कारण तुझ्याइतक्याच तावातावाने त्या उलट बाजूने बोलतील अशी माझी खात्री आहे. त्यांना विचार, आणि त्या बोलतील ते जसंच्या तसं लिहून पाठव. त्यात तुझी भर नको. रविवारच्या आत मिळालं तर बरं, सोमवारी पत्र टाकायचंय.

मुलांना आशीर्वाद, भावजींना नमस्कार.

तुझी,
मालू