पक्याला पत्र: कंपनी विकली गेली, छत अर्ध्यावर

शहादा

प्रिय पक्या,

कसा शे भो? त्या दिवशी फोनवर तू विचारलं, "ते खोकं अजून ठेवलंय का विकलं?" आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागली, मग तुझी रात्र ती माझी सकाळ, बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे टाईप करायला बसलोय, लांबेल, जेवण झाल्यावर निवांत वाच.

विकलं नाही रे ते खोकं, म्हणजे गाडीमागे ओढायचा आणि हँडल मारून छत वर केलं की आत झोपायचा तो कॅम्पर. विकायचं म्हटलं तरी घेणार कोण, कंपनीच विकली गेली. आपण दोघं पुण्याजवळच्या त्या शेडमधून बोलेरोला बांधून आणलं होतं ना, तीच. आता ती एका मोठ्या पार्टीने घेतलीय, ते लोक ॲम्ब्युलन्स आणि फूड व्हॅनच्या बॉड्या बांधतात, त्यांना जागा, मशिनी आणि कारागीर पाहिजे होते. आपल्या उघडझाप कॅम्परमध्ये त्यांना काडीचा इंटरेस्ट नव्हता. मला हे कळलं कसं ते ऐक, ते भारी आहे.

डिसेंबरात सारंगखेड्याच्या जत्रेला नेला होता. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, म्हटलं तापीकाठी दोन रात्री राहू, घोडे बघू, पोरांना मजा. थंडी अशी की हात खिशातून काढवत नव्हता. मी हँडल मारतोय, छत मस्त वर चाललंय, आणि एकदम टण्ण! मागचा उजवा कोपरा तिथेच थांबला, बाकीचे तीन वर. म्हणजे एक खांदा पाडून उभा असलेला माणूस असतो ना तसं ध्यान. बाजूला एक मारवाडकडचा घोडेवाला होता, त्याने काही न विचारता तंबूचा बांबू आणून कोपऱ्याखाली लावला आणि मला म्हणे पहिले ये टिकाओ फिर देखो. बरोबरच होतं त्याचं, मी येड्यासारखा खाली डोकं घालून बघत होतो, ते वजन डोक्यावर आलं असतं तर पत्र लिहायला उरलो नसतो. तुझी वहिनी मात्र शेवभाजीचं पातेलं हातात धरून हसत होती.

तुझ्याकडे पण तसलाच आहे म्हणून सांगतो, आतली भानगड मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजली. विंचवर, म्हणजे हँडल मारलं की गुंडाळतं त्या रिळावर, एकच मेन रोप, तारेचा. तो फ्रेमखाली एका पट्टीला ओढतो, त्या पट्टीपासून चार रोप चार कोपऱ्यांना जातात, पुल्यांवरून वळून खांबात शिरतात आणि एकात एक बसलेले पाइप वर ढकलतात. चारही सारखे ओढले गेले तरच छत लेव्हलमध्ये. एक पुली फुटली की तो कोपरा गेला. माझी पुली प्लास्टिकची निघाली! चाळीसच्या वर पारा जाणाऱ्या मुलखात, पत्र्याखाली तीन उन्हाळे उभी गाडी, त्यात प्लास्टिकची पुली. ती तडकली, रोप बाजूला उतरला, कडेला घासून घासून तुटला.

घरी येऊन फोन लावला. छताची पाच वर्षांची गॅरंटी, तिसरंच चालू होतं, मला वाटलं आठ दिवसांत पार्ट येईल. तिकडून एक पोरगी गोड आवाजात, "सर, ते जुन्या मॅनेजमेंटचं आहे." म्हटलं बाई, नाव तर तेच आहे ना, तुमच्या गेटवर पण तेच आहे. तर म्हणे नाव आमचं आहे सर, जबाबदारी आधीच्यांची. जुन्या मालकाला लावला तर तो म्हणे मी सगळं त्यांना देऊन मोकळा झालो भाऊ. बोल आता. एक वकील मित्र आहे, त्याने समजावलं की अख्खी कंपनी शेअरसकट घेतली तर तिची देणीपण सोबत येतात, पण फक्त मालमत्ता घेतली, शेड, मशिनी, नाव, तर जुनी गॅरंटी करारात लिहून घेतल्याशिवाय सहसा येत नाही. इथे लिहून घेतलेली नव्हती. कोण घेईल? भांडता येईल म्हणे, पण जुन्या मालकाशी, आणि त्याच्याकडे आता एक फटफटी उरलीय.

मी आठवडाभर जाम चिडलेलो. रोज रात्री कोणाला तरी तोच किस्सा सांगायचो. माय शेवटी वैतागली, म्हणे "कंपनी विकाई गई, गाडी तं आपलीच शे ना?" आणि वाल सोलत बसली.

मग आबांचं आयशर आठवलं. आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा 2005 ला टाफे या दुसऱ्या ट्रॅक्टर कंपनीने घेतला, स्वराज 2007 ला महिंद्राकडे गेला, आपल्याकडे कोणाला फरक पडला सांग? आबांना तर किती वर्षांनी कळलं. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना तर 2016 ला सरकारने बंदच केला, तरी एचएमटी चालवणारे आहेत आणि त्यांना सामान मिळतं. मी आधी समजायचो की कंपनी चांगली म्हणून पार्ट मिळतात. तसं नाही भो. गावागावात ते ट्रॅक्टर उभे आहेत म्हणून दोंडाईच्याचा दुकानदार त्यांच्या बुश आणि सील ठेवतो, कारण उद्या कोणीतरी मागायला येणारच. माझ्या कॅम्परची पुली तो कोणासाठी ठेवेल? कंपनीने बनवलेच मोजके.

तुझंच बघ ना. तू मागे तिकडच्या त्या तुझ्या कोलमन कॅम्परची अख्खी जन्मकुंडली सांगितली होती, 1989 ला फ्लीटवुड कंपनीने कोलमनचा तो धंदा घेतला, पुढे नावातून कोलमन गेलं, 2009 ला फ्लीटवुडनेच दिवाळं काढलं, मग आणखी एक मालक, आणि 2011 ला सॉमरसेटचा कारखाना बंद. तेव्हा मी तुला हसलो होतो, म्हटलं बेवारस गाडी घेतली येड्याने. आणि आज? तुझ्या मेलेल्या कंपनीचा रोप, सील, कॅनव्हास सगळं घरबसल्या मिळतं, माझी कंपनी जिती आहे, गेटवर लाईट लागतात, आणि मला एक पुली मिळत नाही. एवढे कॅम्पर विकले गेलेत की बाहेरच्यांना त्याचे पार्ट बनवणं परवडतं. त्यात तुमच्याकडे फ्रिज एकाचा, ॲक्सल दुसऱ्याचा, गोशेनवाल्यांची छत उचलायची लिफ्ट तर कितीतरी ब्रँडच्या खाली तीच. बाहेरचं स्टिकर बदलतं, खालचं तेच. तुमच्याकडची जेको ही कॅम्पर कंपनी 2016 ला थॉर नावाच्या बड्या कंपनीने घेतली तेव्हा 57 कोटी 60 लाख डॉलर मोजले म्हणे, आता एवढे मोजणारा माणूस जुन्या गिऱ्हाइकाला उगाच नाराज नाही करणार. माझ्याकडचा सौदा शेडचा होता, गिऱ्हाईक त्यात मोजलेलंच नव्हतं.

असो. मग मी काय केलं, सगळं खोललं. रोप इथेच मिळाला, 5 मिमीचा, दुकानदाराने पुलीसाठी म्हटल्यावर तो कडक वाला काढूच दिला नाही, 7 पेड आणि एकेका पेडात 19 तारा असा मऊ दिला, वळायला चांगला. पुली लेथवाल्याकडून लोखंडी करून घेतली, आत पितळी बुश. त्याने फुटलेली पुली व्हर्निअर लावून मोजली, आणि मग मला म्हणे भाऊ तीन पण गेल्याच समजा, चारही करून टाका. चार कशाला, आठ केल्या. कारण सांगतो पुढे. कॅनव्हासची एक बाजू उन्हाने पापडासारखी झाली होती, ती मंडपवाल्याने शिवली, रंग जुळला नाही, आता एक भिंत लग्नाच्या मांडवासारखी पिवळी दिसते. पोरांना तीच आवडते.

इन्शुरन्सवाल्याची पण गंमत झाली. मॉडेल बंद पडलं की गाडीची किंमत कंपनीच्या यादीवरून धरता येत नाही, ती त्यांनी आणि आपण बोलून ठरवायची असते. तो म्हणे किती धरू? मी म्हटलं घेतली तेवढी धर. तो इतका हसला की चहा सांडला. शेवटी अर्ध्यावर तुटलं. आरसीवर मेकर म्हणून जुन्याचंच नाव आहे आणि ते तसंच राहणार.

आणि ती आठ पुल्यांची गोष्ट. धुळ्याला एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे सेम टू सेम कॅम्पर निघाला, लळिंगच्या टोलवर गाठ पडली, दोघंही खाली उतरून एकमेकांच्या गाडीखाली वाकून बघायला लागलो, मागचे हॉर्न मारताहेत. त्यांच्या पण पुल्या प्लास्टिकच्याच, एकीला बारीक तडा. चार त्यांना दिल्या. त्यांनी मला दाराच्या बिजागरीचं माप दिलं, त्यांनी ती आधीच बनवून घेतली होती. आता मी शंभर पानी वहीत सगळी मापं लिहितोय, रोपाची लांबी, स्प्रिंगचे वेढे, चेनचा नंबर, कोणत्या भोकात कोणता रिव्हेट, आणि डॉक्टर त्याचे फोटो काढून ठेवतात. दोन गाड्यांचा बाजार आहे आमचा सध्या.

फेब्रुवारीत तोरणमाळला नेला. सात पायऱ्यांच्या घाटात बोलेरो रडली पण चढली. यशवंत तलावाच्या बाजूला लावला, हँडल मारताना तुझी वहिनी दूर जाऊन उभी राहिली, पोरांना पण ओढून नेलं. चारही कोपरे एकदम वर गेले. रात्री चुलीवर भरीत आणि कळण्याची भाकरी, वांगी बामणोदची. तू नव्हता.

एकच काम सांगतो. दिवाळीला येशील तेव्हा छताच्या कडेला लागतो तो रबरी सील घेऊन ये, मध्ये पोकळ गोल आणि बाजूला चिकटवायची पट्टी असलेला. इथे दाराचा मिळतो पण तो दाबला की परत फुगत नाही, पाणी येतं. माझ्या छताला 11 मीटर लागतो. तू 22 आण, डॉक्टरांना पण पाहिजे.

तुझा,
बाळ्या