थेम्सचे दरवाजे बघा, पण उचलताना

संपादक महोदय,

लंडन फिरायला जाणाऱ्या मराठी माणसाच्या यादीत टॉवर ब्रिज असतोच, थेम्स बॅरियर, म्हणजे समुद्राचे पाणी शहरात घुसू नये म्हणून नदीवर बसवलेले दरवाजे, क्वचित. इकडे मुंबई तुंबली की मात्र ‘मिठीच्या मुखाशी लंडनसारखे दरवाजे बसवा’ ही सूचना ठरलेली. तेव्हा जे जाणार आहेत त्यांनी अर्धा दिवस काढून वुलविचजवळचे हे काम बघून यावे, आणि बघावे ते दरवाजे उचलताना. एरवी गेलात तर चकचकीत पोलादी टोप्या घातलेले खांब दिसतील, बाकी काही नाही. मुख्य दरवाजे नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खोबणीत आडवे पडलेले असतात. त्यांची चाचणी साधारण महिन्याला होते आणि तारखा सरकारी संकेतस्थळावर आधी लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एकदा, मोठ्या उधाणाच्या दिवशी, सगळे दरवाजे भरतीभर बंद ठेवतात. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक नीट बघायचा तर तो दिवस गाठावा.

उत्तर काठावरचे उद्यान पाँटून डॉक स्टेशनला लागूनच आहे. दक्षिण काठासाठी चार्लटन स्टेशनवरून वीसेक मिनिटे चालावे लागते. प्रवासी बोटीने वुलविचला गेलात तर खांबांमधूनच जाल. हिरवे बाण असलेला गाळा खुला, लाल फुलीचा बंद.

५२० मीटर रुंद पात्रात १० दरवाजे आहेत. काठालगतचे चार आपल्या धरणांवर असतात तसे वक्र, वरून खाली येणारे. मधले सहा निराळे. काप घेतला तर धनुकलीसारखे, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. त्यांतले चार ६१ मीटर रुंद आणि प्रत्येकी सुमारे ३,३०० टनांचे. दरवाजा दोन टोकांच्या गोल चकत्यांवर धरलेला असतो. हायड्रॉलिक दट्ट्यांनी चकती पाव वळसा फिरली की तो उभा राहतो. एकाला १० ते १५ मिनिटे, सगळ्यांना मिळून सुमारे दीड तास. आणखी थोडा फिरवला तर खाली फट पडते आणि पाणी बेताने सोडता येते. पूर्ण पालथा केला की दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर.

खरी मेख मात्र वेळेत आहे. १९५३ साली इंग्लंडमध्ये ३०७ माणसे गेली ती उत्तर समुद्रातून वादळाने लोटलेल्या पाण्याने. हवेचा दाब १ मिलिबार उतरला की समुद्र साधारण १ सेंटीमीटर फुगतो. वर वारा, आणि दक्षिणेकडे निमुळता होत जाणारा समुद्र. हे पाणी येणार असा अंदाज आला की दरवाजे ओहोटी संपताच, लोंढा पोचण्याच्या कितीतरी तास आधी, लावतात. मागे टेडिंग्टनपर्यंत, म्हणजे भरती जिथवर पोचते तिथपर्यंत, ४० किलोमीटरहून लांब पात्र त्या वेळी उतरलेले असते आणि वरून येणारे नदीचे पाणी त्यात मावते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात दरवाजे ५० वेळा लावावे लागले. त्यांतल्या ४१ वेळा कारण समुद्र नव्हता, नदीचाच पूर होता. पुन्हा उघडतात ते दोन्हीकडची पातळी जुळल्यावर.

आता मिठी. पाणलोट सुमारे ७३ चौरस किलोमीटर. भरतीच्या सहा तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७३ लाख घनमीटर पाणी, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर झाला होता. निम्मे मुरले किंवा अडले असे उदारपणे धरले तरी बंद दरवाजांमागे सेकंदाला सुमारे १७० घनमीटर येत राहणार, आणि ते मावायला मिठीला ना थेम्सची लांबी, ना रुंदी. समुद्र बाहेर राहील, कुर्ला आतल्या पाण्याने बुडेल.

म्हणजे दरवाजांबरोबर पंप आलेच. मुंबईच्या पावसाळी उदंचन केंद्रांवरचा एक पंप सेकंदाला ६ हजार लिटर पाणी फेकतो. या हिशेबाने २८ पंप लागतात, शिवाय बंद पडणाऱ्यांच्या जागी राखीव, कचरा अडवणाऱ्या जाळ्या आणि वीज गेली तर जनरेटर. एवढ्यासाठी माहीम ते वांद्रे या पट्ट्यात जागा कुठली काढायची, हे सूचना करणाऱ्यांनी आधी सांगावे.

– एक स्थापत्य अभियंता, ठाणे