गोचीड चावली होती? मटण खाण्याआधी हे वाचा

सर्व सभासदांसाठी: गोचीड चावल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मटण, बीफ, पोर्क यांची ॲलर्जी सुरू होऊ शकते. कारण अल्फा-गॅल ही साखर; गोचीड चावल्यावर काहींचं शरीर तिला शत्रू मानू लागतं. ती बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मांसात असते, माणसात नसते. घोळ असा की त्रास लगेच होत नाही, २ ते ६ तासांनी होतो. जेवून निवांत झोपलेला माणूस मध्यरात्री अंगभर गांधी आणि पोटात कळा घेऊन उठतो, आणि दोष भलत्यालाच देतो! चिकन, मासे चालतात. जिलेटिनच्या कॅप्सूल मात्र काहींना बाधतात. रानातून आल्यावर अंग तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका. धाप लागली, घसा सुजला किंवा चक्कर आली तर तडक हॉस्पिटल गाठा.