पॉम्पेईच्या घरातली आपल्याकडची मूर्ती

धाराशिव,
मकर संक्रांत

प्रिय मित्र सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

इटलीतल्या नेपल्सची हकिकत फोनवर उरकू नकोस, नीट पत्राने कळव, असे तू बजावले होतेस. मुलगी तिकडे नोकरीला असल्यामुळे राहण्याखाण्याची चिंता नव्हती, आणि तिने रजा काढल्यामुळे आम्हा उभयतांना ते शहर निवांत पाहता आले. समुद्र, चर्चे आणि बाजार यांविषयी सौभाग्यवती वहिनींना लिहिणारच आहे. मी केवळ जुने अवशेष आणि संग्रहालय एवढ्यापुरतेच लिहितो.

पॉम्पेई आणि नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय ही दोन स्वतंत्र स्थळे मानून चालत नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले हे गाव १७४८ पासून उकरायला सुरुवात झाली, आणि तेव्हाच्या राजांनी भिंतींवरची उत्तमोत्तम चित्रे कापून काढून आणि नक्षीच्या फरशा उचलून आपल्या संग्रहात नेल्या. आज पॉम्पेईच्या बहुतेक घरांत उघड्या विटा आणि फिकट झालेला गिलावा दिसतो, तर त्या भिंतींचे वैभव आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या शहरात चौकटीत टांगलेले आहे. म्हणून आधी गाव पाहावे आणि दुसऱ्या दिवशी संग्रहालय, असे माझे ठाम मत झाले आहे. उलट क्रमाने गेल्यास चित्रे नुसती चित्रेच राहतात. गावाच्या वेशीबाहेरच्या एका हवेलीत मात्र लाल पार्श्वभूमीवरची जवळजवळ माणसाएवढी चित्रे जागच्या जागी आहेत, आणि तेथे उभे राहिल्यावर बाकीच्या घरांचे काय गेले ते कळते.

गावात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते रस्त्यांनी. काळ्या लाव्हाच्या फरशीवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या बोट घालून मोजाव्यात इतक्या खोल आहेत. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उंच दगड बसवलेले असून त्यांच्यामधून चाके जातील एवढी जागा सोडलेली आहे. भटारखान्यात लाव्हाच्याच जात्यांची रांग आहे. ती गाढवे जुंपून घाण्यासारखी फिरवीत. एका भट्टीत ८१ पाव भाजायला घातलेल्या स्थितीतच सापडले होते, आणि तसे कोळसा झालेले पाव संग्रहालयात पाहायला मिळतात. त्यांच्यावर तुकडे पाडण्यासाठी दिलेले काप अजून स्पष्ट दिसतात. आमच्या हिने त्या पावांसमोर जेवढा वेळ काढला तेवढा हर्क्युलिसच्या प्रचंड पुतळ्यासमोरही काढला नाही, आणि मला तिचा विवेक पटला.

आता मुख्य गोष्ट. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या हमरस्त्यावरील एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणत आले असले तरी अनेक अभ्यासक आता तिला यक्षी मानतात. ती जेमतेम वीतभर उंच आहे. कमरेला मेखला, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जाडजूड वाळे, पाठीवर लांब वेणी, आणि दोन्ही बाजूंना प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या छोट्या दासी. माथ्यातून खाली छिद्र पाडलेले असल्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या सामानाचा पाय असावी, असा तर्क करतात. ती ठेवली आहे मात्र 'गुप्त दालनात'. हे कामविषयक वस्तूंचे दालन कित्येक वर्षे कुलूपबंद होते आणि २००० पासून सर्वांसाठी खुले झाले. विवस्त्र आहे एवढ्यावरून तिची रवानगी तेथे व्हावी, हे मला मुळीच रुचले नाही. भारहुत-सांचीच्या स्तूपांवरील शिल्पांशी ज्याचा थोडासाही परिचय आहे, तो तिला त्या घोळक्यात बसवणार नाही.

तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याच मराठवाड्यात सापडल्या आहेत, हे तुला ठाऊक असेलच: एक आमच्या जिल्ह्यातील तेरची, तिथले संग्राहक रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातली, आणि दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातली. त्यामुळे पॉम्पेईची मूर्तीही इकडेच घडली असावी असे काही विद्वान मानतात. परंतु तिच्या बैठकीखाली खरोष्ठी अक्षर कोरलेले असून ती लिपी वायव्येकडची, म्हणून वाद मिटलेला नाही. मी स्वतः भोकरदनच्या बाजूचा आहे, आणि यात स्वप्रांताचा अभिमान थोडा मिसळलेला आहे, हे नाकारीत नाही. मार्ग तर होताच. पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी-वृत्तान्तात पैठण गुजरातेतील भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपले तेर, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे, आणि धड रस्ते नसलेल्या मुलखातून हा माल गाड्यांतून भडोचला जात असे, असेही त्यात आहे. तगरचा माल म्हणजे मुख्यतः कापड: जाडेभरडे आणि मलमलही.

परतल्यावर मी मुद्दाम तेरला जाऊन आलो. तेथे रोमन नाण्यांवर बेतलेली, गळ्यात ओवायची मातीची पदके आणि साच्यातून काढलेल्या स्त्रीमूर्ती मी पूर्वीही पाहिल्या होत्या, परंतु या वेळी प्रत्येक कपाटासमोर पॉम्पेईचे रस्ते आठवत होते. नेपल्सकडे नसलेली एक गोष्ट तेरकडे आहे. लामतुऱ्यांनी आयुष्यभर वेचलेल्या हजारो वस्तू मुंबई-पुण्याला न जाता त्याच गावात राहिल्या. संग्रहालयातून बाहेर पडले की थोड्या अंतरावर तेरणा नदी, पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, टेकाडे आणि मूळ विटांचे बौद्ध चैत्यगृह असलेले त्रिविक्रमाचे मंदिर आहे. वस्तू आणि तिची जागा एकाच फेरीत पाहता येते. तरीही मी गेलो त्या दिवशी पाहणारे आम्ही दोघेच होतो. बाकी गर्दी गोरोबाकाकांच्या दर्शनाला.

परीक्षा आटोपल्या की तू इकडे ये. सोमवार टाळ, कारण संग्रहालय बंद असते, आणि ऊन चढण्याआधी टेकाडे पाहून घेऊ. भोकरदनचे मात्र तुला परभणीहून माझ्यापेक्षा जवळ पडते, तेव्हा तेथल्या उत्खननाच्या जागेची चौकशी तू करून ठेव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर