बारकोडचं लॉगिन आणि गिऱ्हाईकाचा मोबाईल

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या सोलापुरात चादरी-टॉवेलच्या दुकानापासून मेडिकलपर्यंत बिलिंगला स्कॅनर आलाय ते चांगलंच आहे, पण काही ठिकाणी आता त्याच स्कॅनरने कॉम्प्युटरला लॉगिन पण करायला लागलेत, त्याबद्दल लिहायचंय. पासवर्डचा बारकोड छापून कार्डावर चिकटवायचा, आल्या आल्या टीं केलं की कॉम्प्युटर उघडला. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत काउंटरवरची माणसं सारखी बदलतात तेव्हा हे सोयीचं पडतं, नाही म्हणत नाही.

यात जादू काही नाही. युएसबीचा साधा स्कॅनर जोडला की कॉम्प्युटरला तो कीबोर्डच वाटतो, बारकोडमधली अक्षरं टाईप केल्यासारखी जातात आणि सेटिंग तसं असलं की शेवटी एंटर पण तोच मारतो, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. (कॅप्स लॉक चालू राहिला तर बऱ्याचदा पासवर्ड चुकतो, मग सगळे बिचाऱ्या स्कॅनरलाच थापट्या मारत बसतात.)

पण त्या रेघा म्हणजे कुलूप नाही हो, नुसती अक्षरंच आहेत. मोबाईलवरच्या फुकटच्या ॲपने त्याचा पासवर्ड वाचता येतो आणि तसाच बारकोड घरी बसून छापता पण येतो. एका दुकानात तर हा कागद मॉनिटरच्या मागच्या बाजूला सेलोटेपने चिकटवलेला, तोंड सरळ गिऱ्हाईकाकडे, वर पेनाने 'मालक' लिहिलेलं! आता युपीआयने पैसे द्यायला प्रत्येक जण तिथं मोबाईल काढतोच, तो कुठल्या कोडसमोर धरलाय हे गर्दीत कोण बघणार?

वापरायचंच असेल तर बारकोडमध्ये फक्त युजरचं नाव ठेवा, पासवर्ड हाताने टाका. स्कॅनरच्या पुस्तिकेत सेटिंगचे बारकोड असतात, त्यातून एंटरच्या जागी टॅब लावला की कर्सर आपोआप पासवर्डच्या रकान्यात जातो, एवढाच काय तो खटाटोप. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, नाहीतर डिस्काउंट कोणी मारला यावरून संध्याकाळी भांडणं. कोणी काम सोडलं की नुसतं कार्ड काढून घेऊन भागत नाही, पासवर्डच बदलावा लागतो, कारण कार्डाचा फोटो त्याच्या फोनमध्ये असू शकतो. आणि मालकाचं लॉगिन तर बारकोडवर ठेवूच नका, स्टॉक अन् हिशोब सगळा त्यातच असतो.

— एक वाचक, सोलापूर