टीआर-३एचं नवं स्टीअरिंग

कोव्हेंट्री

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

"मूळ गाडीला हात लावू नकोस," असं तू फोनवर कळकळीने म्हणालास, म्हणून सविस्तर लिहितोय. माझ्या ट्रायम्फ टीआर-३एला, या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, रॅक अँड पिनियन स्टीअरिंग (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं छोटं दंतचक्र) बसवलं आणि ते योग्यच झालं, असं मला मनापासून वाटतं.

जुन्या स्टीअरिंग बॉक्समध्ये कॅमच्या, म्हणजे स्टीअरिंगबरोबर फिरणाऱ्या दंडगोलाच्या, खाचेत एक पेग (खुंटी) सरकतो. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, त्यामुळे खाच मधोमधच झिजते. त्याने येणारा प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायला बॉक्स आवळला की पूर्ण वळणावर स्टीअरिंग अडतं, कारण टोकांना झीज नसते. शिवाय बॉक्सपासून चाकांपर्यंत जोडदांड्यांची साखळी: ड्रॉप आर्म, मधला रॉड, आयडलर, दोन टाय रॉड! प्रत्येक सांध्याचा प्ले त्यात मिळायचा. मोटरवेवर आडवा वारा सुटला की गाडी सारखी सावरावी लागे.

पण खरं कारण वेगळं. जुन्या स्टीअरिंगचा दांडा पुढच्या बॉक्सपासून थेट छातीपर्यंत येतो, एकसंध, भाल्यासारखा. समोरून धडक बसली तर काय होईल ते तुला सांगायला नको. शेजारी लेक बसते रे. आता दांड्यात युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकणारे सांधे) आहेत, तो सरळ मागे घुसणार नाही.

सगळ्यात वेळ खाल्ला रॅकच्या उंचीने. रॅकची टोकं विशबोनच्या (चाक धरून वर-खाली होणाऱ्या सस्पेन्शनच्या बाहूंच्या) बिजागऱ्यांशी जुळली नाहीत, तर खड्ड्यात चाक वर जाताना आपोआप वळतं. म्हणून स्प्रिंग काढून, जॅकने चाक वर-खाली करत, दर वेळी टो (चाक सरळ रेषेपासून किती आत-बाहेर वळलंय ते) मोजत, रॅकखाली पातळ पत्रे सरकवत बसलो. हॉर्न आणि इंडिकेटरच्या तारा पूर्वी दांड्याच्या पोटातल्या नळीतून थेट बॉक्सच्या पुढच्या टोकाला निघायच्या. त्यांना नवी वाट काढून दिली.

चेसिसला कुठेही कापलं नाही, वेल्डिंग नाही. जुना बॉक्स तेल लावून जपून ठेवलाय. आणि ट्रायम्फने स्वतःच १९६१ च्या टीआर-४ला रॅक दिला होता. त्याआधी १९५९ मध्ये हेरल्डला. तुझ्या बाबांची मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड आठव, अरुंद गल्लीत कशी चटकन वळायची! तेही रॅकचंच स्टीअरिंग.

पार्किंग करताना जोर लागतो, हे खरं. काहीजण त्यासाठी डॅशबोर्डखाली विजेची मोटर बसवतात. मी बसवणार नाही. रस्ता हाताला कळतो, त्यासाठीच तर ही गाडी चालवायची.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद