नाट्यगृहाचा निनाद आधी ठरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. तेव्हापासून त्याच्या पुनर्बांधणीविषयी होणाऱ्या चर्चेत खुर्च्या, वातानुकूलन, प्रकाशयोजना आणि दर्शनी भाग यांचा उल्लेख हटकून असतो. शेवटच्या रांगेतल्या रसिकाला गाणे कसे ऐकू येणार, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये हे पॅलेस थिएटर उभे केले तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता, त्यामुळे केशवरावांची तान मागच्या बाकापर्यंत नेण्याचे निम्मे काम वास्तूलाच करावे लागत असे.

गेल्या वर्षी जवळच्या एका नव्या सभागृहात ख्याल ऐकायला गेलो होतो. तंबोरे सुरेख जुळले होते, पण त्यांचा खर्ज एसीच्या घरघरीत विरून गेला. बुवांनी ध्वनियंत्रणेवाल्याला दोनदा हाताने ‘वाढवा’ अशी खूण केली आणि पुढची मैफल आम्ही भिंतीवरच्या स्पीकरकडे कान लावून ऐकली.

निनादाचे, म्हणजे मूळ आवाज थांबल्यावरही तो दालनात घुमत राहण्याचे, गणित काही नवे नाही. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून शेजारच्या थिएटरातील, आवाज शोषणाऱ्या गाद्या रात्री एका सदोष व्याख्यानगृहात आणून आणि पहाटे परत नेऊन ते मांडले: दालनाचे घनफळ वाढले की निनाद लांबतो, शोषक पृष्ठ वाढले की आखडतो. त्यांच्याच सल्ल्याने १९०० मध्ये झालेल्या बोस्टन सिम्फनी हॉलमध्ये भरल्या सभागृहात निनाद सुमारे १.९ सेकंद टिकतो. तो वाद्यवृंदाला शोभतो. संवादांना सेकंदभर पुरे, नाहीतर शब्दावर शब्द चढतो. आपल्याला नाट्यपदही हवे आणि संवादही, म्हणून सव्वा सेकंदाच्या आसपास राहून गरजेनुसार भिंतींवर जाड पडदे ओढण्याची सोय ठेवावी, असे माझे मत आहे.

आगीच्या धास्तीने सगळीकडे गुळगुळीत फरशी आणि काच बसवली, तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज नुसता आपटत राहील. स्वस्त फोम लावला, तर वरचे स्वर गिळले जातील आणि आगीलाही खाद्य मिळेल. हॅम्बुर्गच्या २०१७ मधील सभागृहाप्रमाणे सुमारे दहा हजार निरनिराळे कोरीव फलक आपल्याला परवडणार नाहीत (तशी गरजही नाही), पण आवाज विखुरणाऱ्या उंचसखल भिंती आणि न जळणारे रॉकवूल (दगडी तंतूंचे, आवाज शोषणारे अस्तर) आपल्या आवाक्यातले आहे.

उद्घाटनापूर्वी रिकाम्या व भरलेल्या नाट्यगृहातील निनादाची मोजणी करून आकडे प्रसिद्ध करावेत, आणि एसी चालू ठेवून, माईक बंद करून एखाद्या गायकाला रंगमंचावर उभे करावे. संबंधित अभियंत्यांनी त्या वेळी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसावे, एवढीच विनंती.

आपला,
एक नाट्यसंगीतप्रेमी वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर